माइनक्राफ्टमध्ये कातडी कपड्यांना हवा तो रंग येत नाही? दर सुट्टीत येणाऱ्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

"दादा, टोपी रंगंना." दिवाळीची सुट्टी लागली की पहिल्या दोन दिवसांत हा निरोप येतोच. पाठोपाठ "रंग लागला, पण भगवा नाही आला", मग "चार मावळे झाले, पाचवा वेगळाच दिसतोय", आणि शेवटी "हिरवा कुठून आणायचा?" तक्रारी दरवर्षी याच असतात, विचारणारी पोरं तेवढी बदलतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

थोडी पार्श्वभूमी. साताऱ्यात दिवाळीला अंगणात किल्ला करायची पद्धत आहे. दगड-मातीचा डोंगर, त्यावर अळीव पेरून केलेलं गवत आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. आमच्या इमारतीला अंगण म्हणजे पार्किंग, त्यामुळे पोरांनी किल्ला माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये, हलवला आहे. अजिंक्यतारा बांधायला घेतलाय. तटबंदी आणि दरवाजे बऱ्यापैकी जमलेत. आर्मर स्टँडवर (चिलखत-कपडे चढवायचा लाकडी सांगाडा) मावळे उभे करायचे आणि त्यांना कातड्याच्या टोप्या, अंगरखे (खेळात त्याला ट्यूनिक म्हणतात), विजारी आणि बूट चढवायचे असं ठरलंय. हे सगळं भगव्यात. गाडी अडते ती याच टप्प्यावर.

रंग अजिबात लागत नाही

फुलं कुठली तोडली, रंग कसा केला, हे मी नंतर विचारतो. पहिला प्रश्न असा की तू खेळतोस कशावर? मोबाइल, टॅब किंवा प्लेस्टेशनवर असशील तर ती बेडरॉक आवृत्ती. कॉम्प्युटरवर असशील तर जावा असू शकते किंवा बेडरॉकही, ते सुरू करताना नाव बघून कळतं. दोन्हींत फुलांपासून रंग जवळपास सारख्याच पद्धतीने बनतात. तो रंग कपड्याला चढवायची रीत मात्र पूर्ण वेगळी आहे. व्हिडिओ बनवणारे बहुतेक जण आपण कुठली आवृत्ती वापरतोय ते सांगायची तसदी घेत नाहीत. पोरं जावाचा व्हिडिओ बघून मोबाइलवर प्रयत्न करतात आणि खेळच बिघडलाय असं ठरवून मोकळी होतात.

जावामध्ये क्राफ्टिंग टेबलवर (वस्तू बनवायचं टेबल) कपडा आणि रंग शेजारी ठेवले की रंगलेला कपडा समोर येतो. टेबल जवळ नसेल तर इन्व्हेंटरीतल्या (आपल्याजवळच्या सामानाचा पडदा) चार चौकटींतही होतं, फक्त तिथे एका कपड्याबरोबर तीनच रंग बसतात. टेबलवर आठ बसतात. एका वेळी कपडा एकच. दोन टोप्या आणि एक रंग ठेवलात तर काहीच येणार नाही.

बेडरॉकमध्ये टेबलवर कितीही खटपट केलीत तरी कातडी कपडा रंगत नाही. तिथे कॉल्ड्रन लागतो, आमची पोरं त्याला कढई म्हणतात. तो बनवायला लोखंडाच्या सात विटा लागतात. कॉल्ड्रन ठेवायचा, बादलीने पाणी ओतायचं, रंग हातात घेऊन कॉल्ड्रनवर टॅप करायचं. पाण्याचा रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. मग कपडा हातात घेऊन पुन्हा कॉल्ड्रनवर टॅप करायचं. कपडा हातात हवा, अंगात नको. अंगात घातलेला अंगरखा कॉल्ड्रनजवळ उभं राहून रंगत नाही, आणि मोबाइलवाल्यांचं घोडं बऱ्याचदा एवढ्यावरच अडलेलं असतं.

उलटी तक्रारही येते. जावावाला कॉल्ड्रनमध्ये रंग टाकायला जातो आणि पाणी साधंच राहतं. जावात कॉल्ड्रनमध्ये रंगीत पाणी होतच नाही. तिथे कॉल्ड्रनचा उपयोग रंग धुवायला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हो, लोखंडी, सोन्याचं, हिऱ्याचं किंवा साखळीचं चिलखत फुलांच्या रंगाने रंगत नाही. दोन्ही आवृत्त्यांत नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे, तो शेवटाकडे सांगतो.

भगवा मागितला, मातकट आला

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. पुढचं सगळं गणित जावाचं आहे.

खेळात प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा 0 ते 255 मध्ये. तयार नारिंगी रंगाचे आकडे आहेत 249, 128, 29. लालचे 176, 46, 38. पिवळ्याचे 254, 216, 61. कपड्याबरोबर एकापेक्षा जास्त रंग ठेवले की खेळ त्या सगळ्यांची सरासरी काढतो. सरासरीने रंग मरगळतो, म्हणून एक पायरी आणखी असते: मूळ रंगांपैकी प्रत्येकाचा सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि मिश्रणाची चमक त्या पातळीपर्यंत वर ओढायची. एवढंच. यात कुठेही खऱ्या रंगाची, कापडाची, पाण्याची नक्कल नाही, निव्वळ बेरीज-भागाकार आहे.

आता पोरं काय करतात? शाळेत शिकवलंय की लाल आणि पिवळा मिळून नारिंगी. मग अंगरख्याशेजारी एक लाल, एक पिवळा ठेवतात. सरासरी येते 215, 131, 49. चमक वाढवायला जागाच नाही, कारण मोठ्या आकड्यांची सरासरीही 215 च आहे. हा रंग नारिंगीकडे झुकतो खरा, पण त्यात गेरूची झाक असते. भगवा म्हणून तो किल्ल्यावर शोभत नाही.

उपाय सोपा आहे. लाल आणि पिवळा कपड्यावर एकत्र करू नका. आधी दोघांपासून नारिंगी रंग बनवा, एक लाल आणि एक पिवळा दिला की दोन नारिंगी मिळतात. मग तो नारिंगी कपड्याला द्या. रंग बनवताना खेळ सरासरी काढत नाही, ठरलेला तयार नारिंगी हातात देतो. त्यामुळे तीच फुलं वापरून रंग कितीतरी उजळ येतो. पहिल्यांदा हे ऐकलं की कुणाचा विश्वास बसत नाही. दोन टोप्या दोन रीतींनी रंगवून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

तरी नुसता नारिंगी थोडा संत्र्याकडे जातो. आमच्याकडे एकमत झालं ते दोन नारिंगी आणि एक लाल यावर, तिन्ही एकाच वेळी ठेवून. आकडे येतात 224, 100, 32. उन्हात छान दिसतो, मशालीच्या उजेडातही टिकतो. याहून गडद हवा असेल तर एक नारिंगी, एक लाल: 212, 87, 33. तो मात्र संध्याकाळी विटकरीच वाटतो. भगव्याची नेमकी छटा कुठली यावर दोन भावांत अबोला होऊ शकतो, त्यात मी पडत नाही.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. कोऱ्या कातड्याचा तपकिरी रंग पहिल्या वेळी मिश्रणात धरला जात नाही, त्यामुळे कोरा कपडा म्हणजे कोरी पाटी. पण कपड्याला एकदा रंग लागला की तो पुढच्या प्रत्येक मिश्रणात एक भिडू म्हणून बसतो. निळा झालेल्या अंगरख्याला नारिंगी दिलात तर निळा आणि नारिंगी यांची सरासरी होणार. तो भगवा होणं शक्य नाही.

"पण मी तर आधी रंगवलाच नव्हता" असं पोरगं शपथेवर सांगतं, आणि खरंच सांगत असतं. मग विचारायचं, अंगरखा आणला कुठून? खेळातल्या गावात कातडीकाम करणाऱ्या व्हिलेजरकडून, म्हणजे गावकऱ्याकडून, पन्ना देऊन घेतलेला असतो. ते व्हिलेजर विजारी आणि अंगरखे विकतात ते मुळातच रंगवलेले असतात, कुठला रंग येईल ते नशिबावर. कधी तो रंग तपकिरीच्या इतका जवळचा असतो की कोऱ्या कातड्यात आणि त्यात फरक कळत नाही. विकत घेतलेला कपडा सरळ धुवून काढायचा, विचार करत बसायचं नाही.

धुणं म्हणजे पाणी भरलेल्या कॉल्ड्रनवर कपडा हातात घेऊन क्लिक करणं. जावात भरलेल्या कॉल्ड्रनमध्ये तीन कपडे निघतात, चौथ्याला पुन्हा पाणी. रंग पूर्ण जातो, कपडा कोरा होतो, आणि त्यावर एन्चांटमेंट, म्हणजे जादूची ताकद, असेल तर त्याला धक्का लागत नाही. पांढरा रंग देऊन आधीचा रंग "काढायचा" प्रयत्न कृपया करू नका. काळ्या टोपीला एक पांढरा दिला तर ती राखाडी होते. आणखी एक दिला तर फिकट राखाडी. पांढरी कधीच होत नाही, आणि पांढरा ज्यापासून बनवतात ते हाडांचं खत वाया जातं ते वेगळंच.

पाचवा मावळा वेगळा का

हा प्रश्न क्रमाचा आहे. समजा तुम्ही तीन रंग एकदम ठेवले, तर तिघांचा वाटा सारखा, तिसरा-तिसरा हिस्सा. तेच एकामागून एक दिले तर? पहिल्या दोघांची सरासरी होते, मग त्या मिश्रणाची आणि तिसऱ्याची. म्हणजे तिसऱ्याला निम्मा वाटा आणि पहिल्या दोघांना पाव-पाव. चौथा दिलात की तो एकटा निम्मा खातो आणि पहिल्यांदा दिलेला रंग आठव्या हिश्श्यावर येतो. जो शेवटी येतो तो जिंकतो.

आमच्याकडे हे असं घडतं: एक जण टेबलवर तिन्ही रंग एकत्र ठेवतो, दुसरा इन्व्हेंटरीत एकेक देत जातो, तिसऱ्याकडे लाल संपलेला असतो म्हणून तो "नंतर देतो" म्हणतो. रंग तेच, मोजमाप तेच, तरी मावळे तीन छटांचे. म्हणून नियम एकच: एका मावळ्याचे सगळे रंग आधी हातात जमवायचे, मग एकदम द्यायचे. रंग कमी पडत असतील तर तो कपडा राहू द्या, पुढचा घ्या. आणि जो चुकला तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा धुवून नव्याने रंगवणं कमी त्रासाचं.

बेडरॉकमध्ये हीच गोष्ट कढईतल्या पाण्यात होते. पाण्यात एकावर दुसरा रंग टाकला की ते मिसळतात आणि कपडा त्या पाण्याचा रंग घेतो. इथे पंचाईत अशी की कपडा बुडवला की पाणी उतरतं, कढई संपली की मिश्रण नव्याने करावं लागतं, आणि तेव्हा कुठला रंग आधी टाकला होता ते कुणालाच आठवत नसतं. एका कागदावर क्रम लिहून ठेवा: आधी हा, मग हा, मग तो. वहीचं शेवटचं पान चालेल. रंगीत पाण्यात साधं पाणी वाढवून "पुरवायचा" प्रयत्न नको, त्याने रंग पुरत नाही, गमावतो. मोबाइलवाल्यांना माझा सल्ला असा की मिश्रणाच्या भानगडीत पडूच नका. तयार नारिंगी बनवा, तेवढाच टाका, सगळे मावळे एका रंगाचे होतील. छटेची हौस जावावाल्यांना करू दे.

कडा तपकिरीच राहतात

काही बिघडलेलं नाही. कातडी कपड्याच्या चित्रात शिवण आणि काठ यांचा वेगळा थर आहे, त्याला रंग लागतच नाही. कितीही वेळा रंगवा, तो तसाच राहणार. मला विचाराल तर बरंच आहे, नाहीतर मावळे प्लास्टिकचे दिसले असते.

हिरव्याचं दुखणं

शाळेतल्या रंगपेटीने इथे सगळ्यांना फसवलंय. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे आपल्या डोक्यात पहिलीपासून बसलेलं. कागदावर ते खरं आहे, कारण तिथे प्रत्येक रंग उजेडातला काही भाग गिळतो आणि दोघांनीही न गिळलेला हिरवा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. खेळात कुणी काही गिळत नाही, आकड्यांची सरासरी होते.

त्यामुळे टेबलवर निळा आणि पिवळा ठेवलात तर हिरवा रंग तयारच होत नाही, तशी रेसिपीच नाही. आणि जावात कपड्याला दोन्ही एकदम दिलेत तर? निळा 60, 68, 170. पिवळा 254, 216, 61. सरासरी 157, 142, 115, आणि चमक वर ओढल्यावर 212, 191, 155. हा कोऱ्या मांजरपाटाचा रंग. गंमत म्हणून ठीक आहे. मावळ्यांच्या साध्या बंडीला आम्ही तो मुद्दाम वापरला, पण हिरवा म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

हिरवा बनतो फक्त निवडुंगापासून. वाळवंटातला कॅक्टस तोडायचा आणि भट्टीत टाकायचा. क्राफ्टिंग टेबलवर नाही, भट्टीत, कोळसा-लाकूड घालून. पानं, गवत, वेली यांपासून हिरवा निघत नाही. पोपटी हवा असेल तर हिरवा आणि पांढरा मिसळा, किंवा समुद्रातले सी पिकल भट्टीत टाका.

वाळवंट लांब असेल तर जावावाल्यांसाठी एक पळवाट आहे, ती फक्त कपड्याला चालते. निळ्याऐवजी फिकट निळा घ्या. फिकट निळा 58, 179, 218 आहे, म्हणजे त्यात हिरव्याचा आकडा आधीच भरपूर. त्याच्याबरोबर एक पिवळा ठेवला की कपड्यावर येतो 186, 236, 166: फिकट, पण नक्की हिरवा. फारच फिका वाटला तर त्या दोघांबरोबर एक काळा ठेवा, 134, 168, 123 पर्यंत उतरतो. पावसाळ्यात तटावर शेवाळ धरतं त्या जातीचा. झाडीत लपलेल्या पहारेकऱ्यांसाठी आमच्याकडे हाच चालतो. याने ब्लॉक किंवा लोकर रंगणार नाही, त्यासाठी खरा हिरवा रंगच हातात लागतो.

फूल पांढरं, रंग राखाडी

फुलांच्या बाबतीत बहुतेक गोष्टी दिसतात तशाच आहेत, पण काही ठिकाणी डोळे दगा देतात. पांढरा ट्यूलिप, ऑक्सआय डेझी आणि अझुर ब्लूएट ही तिन्ही फुलं पांढरी दिसतात आणि तिन्हींपासून फिकट राखाडी रंग येतो. पांढरा हवा असेल तर लिली ऑफ द व्हॅली, नाहीतर हाडांचं खत. ब्लू ऑर्किडपासून निळा येत नाही, फिकट निळा येतो. निळ्यासाठी कॉर्नफ्लॉवर किंवा लॅपिस, म्हणजे खाणीतला निळा दगड. काळ्यासाठी विदर रोझ असलं तरी ते मिळवायला जी उठाठेव लागते त्यापेक्षा माखली म्हणजे स्क्विड मारून शाई घेणं सोपं. तपकिरी कोको बियांपासून, त्या जंगलातल्या झाडांवर लागतात.

जुन्या पोस्टमध्ये "रोझ रेड", "डँडेलियन यलो", "कॅक्टस ग्रीन" अशी नावं दिसली तर ती 2019 पूर्वीची आहेत असं समजा. जावाच्या 1.14 या अपडेटमध्ये नावं बदलली, आणि कॉर्नफ्लॉवर, लिली ऑफ द व्हॅली, विदर रोझ ही फुलंही तेव्हाच आली. त्याआधीच्या लेखात निळा आणि पांढरा फुलांपासून मिळतो असं कुठेच लिहिलेलं नसेल.

गाजरापासून नारिंगी निघतो का, भोपळ्यापासून निघतो का, हे दोन प्रश्न हमखास. नाही. बीटापासून मात्र लाल निघतो, एका बीटाला एक. शेती लावून ठेवणाऱ्याला लालची ददात नाही. हळद खेळात नाहीच, आणि सांगलीच्या पाहुण्यांना याचं फार वाईट वाटतं. हळदीत चुना मिसळला की लाल होतं, घरचं कुंकू तसंच करायचे, मग खेळात एवढी साधी गोष्ट का नाही, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा बिनतोड आहे, पण माझ्या हातात काही नाही.

फुलं पुरत नाहीत

हिशेब मांडल्याशिवाय कामाला लागलात तर अर्धा किल्ला नारिंगी आणि अर्धा कोरा राहील. एका मावळ्याला चार कपडे. प्रत्येकाला दोन नारिंगी आणि एक लाल धरला तर मावळ्यामागे आठ नारिंगी, चार लाल. आठ नारिंगीला चार लाल आणि चार पिवळे. म्हणजे एकूण आठ लाल, चार पिवळे. वीस मावळ्यांना 160 लाल, 80 पिवळे.

लालसाठी पॉपी आणि पिवळ्यासाठी डँडेलियन एकेक तोडत हा आकडा गाठणं म्हणजे सुट्टी संपणं. दोन ब्लॉक उंचीची फुलं धरा. रोझ बुशपासून दोन लाल, सूर्यफुलापासून दोन पिवळे. त्यांचा मोठा गुण असा की लावलेल्या रोपावर हाडांचं खत टाकलं की रोप जागेवर राहतं आणि तसंच दुसरं फूल बाहेर पडतं. म्हणजे एक रोझ बुश आणि एक सूर्यफूल किल्ल्याशेजारी आणून लावलं की फुलं शोधत फिरणं संपलं, नंतर फक्त खत. एका हाडाचं तीन वेळा पुरेल इतकं खत होतं, आणि रात्री सांगाड्यांची कमतरता नसते. हाडं नको असतील तर कंपोस्टरमध्ये, म्हणजे खताच्या पेटीत, पालापाचोळा घाला.

लहान फुलांसाठी गवतावर खत टाकायचं. कुठलं फूल उगवेल ते त्या जागेवर अवलंबून. ब्लू ऑर्किड दलदलीतच येतं, माळावर कितीही खत ओतलंत तरी येणार नाही. फ्लॉवर फॉरेस्टमध्ये (खेळातलं फुलांनी भरलेलं जंगल) तर प्रत्येक तुकड्याचं फूल ठरलेलं असतं. नारिंगी ट्यूलिप जिथे सापडला तिथेच खत टाकत राहिलात तर तिथे बहुधा तेच उगवत राहील. नारिंगी ट्यूलिपपासून थेट नारिंगी येतो, लाल-पिवळ्याची मधली पायरी वाचते, म्हणून अशी जागा सापडली की खूण करून ठेवा. कासला गेल्यावर फुलाला हात लावायचा नाही हे पोरांच्या अंगवळणी पडलंय, तेव्हा इथे फ्लॉवर फॉरेस्ट सपाचट करताना त्यांना चढणारा उत्साह मी समजू शकतो.

कातडं हा वेगळाच विषय. मावळ्यामागे चोवीस, टोपीला पाच, अंगरख्याला आठ, विजारीला सात, बुटांना चार. वीस मावळ्यांना 480. बहुतेक जण गायी मारून मिळवतात. घरात आजी शेजारी बसून बघत असेल तर ते चालत नाही, आमच्याकडे चाललं नाही. मग सशाच्या चार कातड्यांचं एक कातडं, नेदरमधले (खेळातलं पाताळ) हॉग्लिन नावाचे रानडुकरासारखे प्राणी, तिथल्याच डुकरासारख्या पिग्लिनला सोनं देऊन होणारी देवाणघेवाण, आणि गळ टाकून बसलं की अधूनमधून कातडंही लागतं. सगळे हळू मार्ग आहेत. वीस मावळ्यांचा हट्ट सोडून बारा केले तरी अजिंक्यतारा पडणार नाही.

लोखंडी चिलखतावर भगवा

किल्लेदाराला कातड्याचे कपडे नकोत, लोखंडी चिलखत हवं, आणि त्यावर भगवा हवा. फुलांनी होणार नाही हे वर सांगितलं. पण 2023 मध्ये आलेल्या 1.20 पासून चिलखतावर नक्षी काढता येते, आर्मर ट्रिम. स्मिदिंग टेबलवर (लोहारकामाचं टेबल) टेम्प्लेट म्हणजे नक्षीचा साचा, चिलखत आणि एक धातू किंवा रत्न ठेवायचं, त्या वस्तूच्या रंगाची नक्षी उमटते. सोन्याची पिवळी, रेडस्टोन या लाल खनिजाची लाल, लॅपिसची निळी. नारिंगीसाठी 1.21.4 पासून रेझिनची वीट चालते, ती नक्षी लोखंडावर झकास उठून दिसते. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर तांब्याने काम भागवा, ते जरा काळपट पडतं. टेम्प्लेट वापरलं की संपतं, म्हणून पहिल्यांदा त्याची प्रत काढा. एका प्रतीला सात हिरे जातात. किल्लेदार एकच ठेवा.

एवढं करूनही रंग चुकला आणि कुणाला विचारायचं असेल, तर "रंग येईना" एवढंच लिहून पाठवू नका. जावा की बेडरॉक, कपडा स्वतः बनवला की व्हिलेजरकडून घेतला, कुठले रंग, कुठल्या क्रमाने, एकदम की एकेक, हे सगळं सांगा. आणि स्क्रीनशॉट दिवसा, उघड्यावर काढा. मशालीखाली काढलेल्या फोटोत सगळेच मावळे भगवे दिसतात.